पेणच्या शेतकऱ्यांनी सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) 'नाही' का म्हटलं? सरकारवरचा अविश्वास येतो कुठून?

खाडीवाला

"प्रकल्प जाहीर झाला की दुसऱ्या दिवशी विरोध, लोकांना विकास नकोच आहे," असं हल्ली फार सहज बोललं जातं. मी उरणचा. आमच्याकडे सरकारला जमीन दिलेले लोक आणि जमीन देणार नाही म्हणून अडून बसलेले लोक शेजारशेजारच्या तालुक्यांत आहेत. दुसऱ्यांनी जे केलं ते पहिल्यांचं बघून केलं, असं माझं मत आहे. ते जरा सविस्तर मांडतो.

मुंबईची गर्दी कमी करायची म्हणून खाडीपलीकडे नवी मुंबई हे नवं शहर वसवायचं ठरलं आणि त्यासाठी मार्च १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी त्यासाठी घ्यायच्या होत्या. आगरी, कोळी, कराडी लोकांची ही गावं. खारजमिनीतलं भात, मिठागरं आणि खाडीतली मासळी यांवर चालणारी. शहर हवं का, कुठपर्यंत हवं, हे गावात येऊन कुणी विचारल्याचं आमच्याकडच्या एकाही म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. चावडीवर नोटीस लागली, मग घरोघरी आली.

मोबदला होता तो सातबारावर नाव असणाऱ्याला. मिठागरात राबणारे, दुसऱ्याच्या शेतात लावणी-कापणीला जाणारे, खाडीत जाळं टाकणारे यांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. शेत गेलं तेव्हा त्यांची रोजीरोटीही गेली, पण तिची कुठे नोंद झाली नाही.

योग्य भाव द्या आणि जे शहर होणार त्यात आम्हाला वाटा द्या, ही मागणी रस्त्यावर यायच्या आधी सगळीकडे करून झाली होती. या लढ्याचे नेते दि. बा. पाटील इथल्याच जासई गावचे. शेतकरी कामगार पक्षाचे आमदार, खासदार. त्यामुळे गाऱ्हाणं मुंबईपर्यंत पोचलं नव्हतं असं कुणी म्हणू शकत नाही. शेवटी १६ जानेवारी १९८४ ला दास्तान फाट्याजवळ आणि १७ तारखेला नवघरला पोलिसांच्या गोळ्या चालल्या. पाच जण गेले. दरवर्षी त्या दोन दिवशी हुतात्म्यांना अभिवादन असतं, आणि आमच्या घरातली शाळकरी मुलंसुद्धा तिथे येतात.

त्यानंतर काही वर्षांनी साडेबारा टक्क्यांची योजना आली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. फार मोठी गोष्ट होती ती, मी तिचं मोल कमी करत नाही. पण आमच्या माणसाने यातून काय समजायचं? अर्ज केले, निवेदनं दिली, विधानसभेत प्रश्न मांडले, काही झालं नाही. पाच माणसं गेली, मग झालं. हा धडा आम्हाला कुणी पुढाऱ्याने शिकवलेला नाही.

साडेबारातूनही सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापले जातात, हातात येतात पावणेनऊ. वारस नोंदी, हरकती, पात्रता यात फाईल वर्षानुवर्षं फिरते. तोवर मुलीचं लग्न निघतं, आजारपण येतं, आणि भूखंड हातात पडायच्या आधीच माणूस तो हक्क बिल्डरला विकून मोकळा होतो. गावठाणाची हद्द आहे तिथेच राहिली, कुटुंबं वाढली, मग लोकांनी लागून घरं बांधली. त्यांना आता 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. ती नियमित करायला शासन निर्णय निघतात, बदलतात, पुन्हा निघतात. ज्या गावाच्या जमिनीवर शहर उभं आहे त्याच गावातलं घर अनधिकृत.

हे सगळं शेजारच्या पेणने बघितलं. लग्नसंबंध आमच्यातच, नातीगोती आमच्यातच. २००६ च्या सुमाराला महामुंबई सेझ आला. रिलायन्सचा प्रकल्प, उरण, पनवेल आणि पेणमधली ४५ गावं, आणि जमीन संपादन करून देणार सरकार. त्यातली पेणची २२ गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली. भोगेश्वरी नदीवरचं हे धरण याच शेतांना दुबार पाणी मिळावं म्हणून दाखवलेलं. कालवे पुरे झाले नव्हते, पाणी नळाने शहराकडे चाललं होतं, आणि शेतकरी पाण्याची वाट बघत असताना आली ती जमीन संपादनाची नोटीस.

प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन आणि गावोगावचे लोक यांनी लढा उभा केला. अखेर २१ सप्टेंबर २००८ ला या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. जमिनीसाठी सरकारने शेतकऱ्यांचं रीतसर मतदान घ्यावं हे आपल्याकडे फारच दुर्मीळ. लोकांनी मोठ्या संख्येने विरोधात मत दिलं. सरकारने निकाल मात्र अधिकृतपणे जाहीर केला नाही. पुढे २००९ मध्ये संपादनाची मुदतच संपली आणि प्रकल्प गेला.

मत मागितलं आणि ते मोजून सांगितलं नाही. गोळीबारापेक्षाही ही गोष्ट मला जास्त विचार करायला लावते. गोळीबाराचं खापर एखाद्या अधिकाऱ्यावर फोडता येतं. पण आमचं म्हणणं कागदावर आलं, आणि कागद कपाटात गेला, याला कोण जबाबदार?

तुमच्या भागातले अनुभव लिहा. वेगळं मत असेल तर तेही लिहा.

---

माधवी_खारघर

दादा, मी खारघरला राहते. घर घेताना टायटल क्लिअर आहे का एवढंच वकिलाकडून बघून घेतलं होतं. ती जमीन कुणाची होती हा प्रश्न मनात आला नाही, आणि आमच्या सोसायटीत कुणाच्याच आला नसेल.

दि. बां.चं नाव नवी मुंबईच्या विमानतळाला द्या म्हणून २०२१ च्या जूनमध्ये मानवी साखळी झाली, सिडको भवनावर मोर्चा आला, तेव्हा आमच्याकडे चर्चा होती ती रस्ते बंद असतील याची. नावासाठी इतकी माणसं का आली ते आज कळतंय.

पण एक प्रश्न मनापासून विचारते. हे शहर झालं नसतं तर आमच्यासारख्या लाखो लोकांना मुंबईत घर परवडलं नसतं. जमीन कुठेतरी, कुणाची तरी लागणारच. प्रत्येक गावाने नाही म्हटलं तर शहरं, धरणं, रेल्वे होणार कसं?

---

सातबारा

महसूल खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. आयुष्यातला मोठा काळ भूसंपादनाच्या कामात गेला. माधवीताईंच्या प्रश्नाकडे येतो, पण आधी भावाचं गणित कसं होतं ते सांगतो, कारण अविश्वासाचं मूळ बऱ्याच अंशी त्यात आहे.

२०१३ पर्यंत आपल्याकडे १८९४ चा कायदा होता. इंग्रजांचा. मुळशीला १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी सत्याग्रह केला तेव्हा जमीन याच कायद्याने घेतली गेली, आणि स्वातंत्र्यानंतर साठ वर्षांहून जास्त काळ आपलं सरकारही त्याच कायद्याने जमीन घेत राहिलं. राज्य बदललं, पण शेतकऱ्याच्या दारात आलेली नोटीस तीच होती.

त्यात जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणारी कलम ४ ची अधिसूचना निघाली की त्या तारखेचा बाजारभाव धरायचा. मग कलम ५-अ च्या हरकती, कलम ६ ची घोषणा, कलम ९ च्या नोटिसा, कलम ११ चा निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश. नवी मुंबईच्या काळात निवाडा किती दिवसांत करायचा याला कायद्यात बंधनच नव्हतं. ते १९८४ च्या दुरुस्तीने आलं, घोषणेपासून दोन वर्षं. त्याच दुरुस्तीने दिलासा रक्कम, म्हणजे सक्तीने जमीन घेतल्याबद्दल बाजारभावावर मिळणारी जादा रक्कम, पंधरा टक्क्यांवरून तीस टक्के झाली. म्हणजे भाव कलम ४ च्या तारखेला गोठलेला आणि पैसे हातात यायला कितीही उशीर. मधल्या काळात शेजारच्या जमिनीचे भाव चढलेले शेतकरी रोज बघतोय. बरं, तो जुना भाव ठरवायचा कशावरून? आधीच्या खरेदीखतांवरून. खेड्यात मुद्रांक वाचवायला खरेदीखतात रक्कम कमीच लिहायचे. तो कमी आकडा मग सरकारी भाव ठरायचा.

भाव कमी वाटला तर कलम १८ खाली न्यायालयात जायची सोय होती, पण मोबदला घेताना 'तक्रार राखून स्वीकारला' असं लिहून सही करावी लागे. ज्याने नुसता अंगठा उठवला त्याचा रस्ता तिथेच बंद. हे एक वाक्य किती शेतकऱ्यांना माहीत होतं? वाटपाच्या दिवशी टेबलावर मस्टर, समोर पन्नास-साठ माणसं, संध्याकाळपर्यंत वाटप उरकायचं. ते वाक्य समजावून सांगायचं काम कुणावर सोपवलेलंच नसे. मी त्या टेबलामागे बसलो आहे, म्हणून लिहितो. आमच्यातले काही तलाठी, सर्कल स्वतःहून सांगत, पण ते त्यांचा चांगुलपणा म्हणून.

हरकतींच्या सुनावणीचं सांगतो. शेतकरी कामधंदा सोडून तालुक्याला यायचा, दोन मिनिटं बोलायचा. त्याचं म्हणणं लिहून घेतलं जायचं आणि शेवटी 'सार्वजनिक हिताचा विचार करता हरकत फेटाळण्यात येत आहे' अशी ओळ यायची. बहुतेक सगळ्यांना तीच ओळ. गावात ते कागद एकमेकांशी ताडून बघितले जात. आपलं कुणी वाचलंच नाही, हे माणसाला अशा वेळी कळतं. त्यानंतर त्याला अर्ज करा असं सांगण्यात काय अर्थ राहतो?

---

कोयनाकाठ

सातबारा काका, तुमच्यासारख्या माणसाने हे लिहिलं याबद्दल आभार.

आमचं गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात आहे. म्हणजे होतं. पन्नाशीच्या दशकात काम सुरू झालं, साठीत पाणी भरलं. त्या वेळी महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा अस्तित्वातच नव्हता, तो आला १९७६ साली. राज्याला वीज हवी, देशाचं काम आहे, असं सांगितलं आणि लोकांनी मान्य केलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण आमच्या आजोबांच्या पिढीने विरोध केला नव्हता. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं, सरकार आपलं आहे अशी भावना होती. विश्वास दिला तो त्यांनी.

कुणी साताऱ्यातच वर डोंगरावर सरकले, कुणाला सांगली, सोलापूर, कुणाला रायगड, रत्नागिरी, ठाणे. एक गाव चार जिल्ह्यांत. भावकी फुटली, देव कुणी न्यायचा यावर वाद झाले. जिथे जमीन दाखवली तिथे कुठे खडक, कुठे आधीच कुणाचा तरी कब्जा. जे वरच्या अंगाला डोंगरात राहिले त्यांच्यावर १९८५ साली कोयना अभयारण्य आलं, नंतर व्याघ्र प्रकल्प. एकदा पाण्यासाठी उठलेल्यांना पुन्हा वाघासाठी उठायला सांगितलं. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या वाड्यांना आजही दवाखाना, बाजार यासाठी लाँचवर अवलंबून राहावं लागतं. कोयनेची वीज १,९६० मेगावॉट.

डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाबरोबर २०१८ मध्ये कोयनानगरला ठिय्या झाला, तेव्हा मागणी काय होती माहीत आहे? आमची यादी करा. कोण उठलं, कुणाला किती मिळालं, कुणाला काहीच नाही, याचं संकलन पूर्ण करा. धरण होऊन पन्नास वर्षं उलटल्यावर लोक मांडव घालून बसले ते सरकारने स्वतःची वही पुरी करावी म्हणून.

प्रकल्पग्रस्त दाखल्याचंही तसंच. सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, पण एका कुटुंबाला एक दाखला. आजोबांच्या नावावरचा दाखला तीन काकांच्या मुलांपैकी कुणी घ्यायचा? सख्खे चुलतभाऊ यावरून बोलेनासे झालेत. भरतीचं वय उलटून जातं आणि दाखला कपाटात तसाच असतो.

---

रविकिरण

सगळे प्रतिसाद वाचले. मी रस्ते बांधणीत काम करतो, बाजू वेगळी आहे.

जुना अन्याय खरा आहे, त्यावर वाद नाही. पण सगळं जुन्या चष्म्यातून बघितलं तर चांगलं झालेलं दिसत नाही. समृद्धी महामार्ग घ्या. ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. २०१६ मध्ये लँड पूलिंगची, म्हणजे जमीन घेऊन बदल्यात विकसित भूखंड द्यायची योजना आणली तेव्हा शहापूर, इगतपुरी, सिन्नर, औरंगाबादकडे जोरदार विरोध होता. मग थेट खरेदीचा मार्ग काढला. बाजारभावाच्या चार-पाच पट रक्कम, खरेदीखत झालं की पैसे थेट खात्यात. बहुतेक शेतकऱ्यांनी जमीन दिली. नागपूर–शिर्डी टप्पा २०२२ च्या डिसेंबरला सुरू झाला, २०२५ मध्ये पूर्ण रस्ता. म्हणजे लोक सरसकट विरोध करत नाहीत हे मान्य, पण सरकारही सरसकट फसवत नाही हे मान्य करा.

दुसरं, आंदोलनात राजकारण येतंच. दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाचा आधी करार, १९९५ ला सरकार बदललं आणि प्रकल्प रद्द, मग नव्या अटींवर तोच प्रकल्प पुन्हा, आणि २००१ मध्ये बंद. नाणारच्या रिफायनरीचं तेच झालं. पुढारी विरोधात असताना मोर्चाच्या पुढे, सत्तेत गेले की त्याच प्रकल्पाच्या भूमिपूजनाला. गावकऱ्यांचा वापर होतो.

आणि प्रकल्प दहा वर्षं रखडला की खर्च तिप्पट होतो, तो शेवटी सगळ्यांच्याच खिशातून जातो.

---

खाडीवाला

रविकिरण, समृद्धीचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं केलंत. ते माझ्याच म्हणण्याला धरून आहे. पैसे आधी, जमीन नंतर. रक्कम डोळ्यांना दिसणारी, आणि सही करायची की नाही हे शेतकऱ्याच्या हातात. पहिल्या योजनेत हे नव्हतं, लोकांनी विरोध केला, म्हणून दुसरी आली. चार-पाच पट भाव मिळाला त्यात शहापूर-इगतपुरीला अडून बसलेल्यांचा वाटा आहे. ज्यांनी पहिल्याच दिवशी होकार दिला असता त्यांना हा भाव मिळाला असता का?

राजकारणाबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. पण ते अविश्वासाचं कारण आहे, विरोध खोटा असल्याचा पुरावा नव्हे. ज्या माणसाने दोन्ही पक्षांना दोन्ही भूमिकांत बघितलंय तो कुणाच्या शब्दावर जमीन सोडेल? बारसूला एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाच्या गाड्या अडवायला बायका रणरणत्या उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. त्या कुठल्या पक्षाच्या होत्या हे विचारणाऱ्यांनी एकदा त्यांच्या आंब्या-काजूच्या बागा बघाव्यात. नुसतं परीक्षण आहे, प्रकल्प अजून ठरलेला नाही, असं अधिकारी सांगत होते. बंदोबस्त मात्र ठरलेला होता. जैतापूरला अणुऊर्जा प्रकल्पासाठी आधी जमीन घेतली, मग समजूत काढायला गेले. १८ एप्रिल २०११ ला तिथल्या नाटे गावात गोळीबारात एक मच्छीमार गेला. त्याच वर्षी ९ ऑगस्टला मावळात, पवनेची पाइपलाइन पिंपरी-चिंचवडला न्यायची होती म्हणून, द्रुतगती मार्गावर तिघे गेले, त्यात एक बाई. पिंपरीला पाणी नको असं मावळातला शेतकरी म्हणत नव्हता. उघड्या कालव्या-नदीतून जाणारं पाणी बंद नळात गेलं तर आमच्या शेताचं काय, हा त्याचा प्रश्न होता. त्याचं उत्तर देऊन मग खोदकाम सुरू करता आलं नसतं का?

---

दिंडोरीकर

आमच्याकडचा विषय जमीन घेण्याचा नाही, जमीन देण्याचा आहे. तरी गोष्ट तीच.

वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो कसतोय त्याच्या नावावर ती वनजमीन करायची, जास्तीत जास्त चार हेक्टर. ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे दावा, तिथून उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. पुरावा काय द्यायचा? आमच्या लोकांकडे सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे वनखात्याने केलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या. वडिलांनी अतिक्रमण केलं म्हणून खात्याने दंड घेतला, आणि तीच पावती पोराने जपून ठेवली, कारण त्यावर साल आहे. शेकोटीच्या धुराने काळ्या पडलेल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून छपराच्या वाशाला बांधलेल्या पावत्या मी हातात घेतल्यात. त्या तालुक्याला दाखल केल्यावरही 'पुरावा अपुरा' म्हणून दावे परत आलेत. काहींचे मंजूर झाले, पण कसतो पाच एकर आणि पट्टा मिळाला काही गुंठ्यांचा. सातबारावर नाव येतं ते इतर हक्कात. मग पीककर्ज नाही, नुकसानभरपाईला अडचण.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत मोर्चा निघाला, किसान सभेचा. पायाला फोड आलेल्या बायकांचे फोटो सगळ्यांनी बघितले. दहावीच्या पोरांची परीक्षा बुडू नये म्हणून लोक रात्रीच मुंबईत चालले आणि पहाटे आझाद मैदानात पोचले. तेव्हा मुंबईकरांनी पाणी दिलं, चपला दिल्या, आम्ही ते विसरणार नाही. सरकारने लेखी आश्वासन दिलं, वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली.

फेब्रुवारी २०१९ ला पुन्हा निघावं लागलं. नाशिक सोडलं न सोडलं तोच मंत्री आले, पुन्हा लेखी. मार्च २०२३ ला पुन्हा, वाशिंदपर्यंत. मधे सरकारं बदलली, पक्ष बदलले. मागण्यांच्या यादीत वनहक्क तिन्ही वेळा होताच.

रविकिरण भाऊ, पोटापाण्याचं काम सोडून, पोरं शेजाऱ्याकडे ठेवून, शे-दीडशे किलोमीटर चालायची हौस कुणाला असेल? लेखी दिलेलं पाळलं असतं तर लोक घरी नागलीची शेतं सांभाळत बसले असते.

---

मांडवीतीर

गोव्यातून लिहितेय. आमच्या सत्तरी तालुक्यात शेळ-मेळावलीला आयआयटी यायची होती. शिक्षणसंस्था, धूर नाही, प्रदूषण नाही. बाहेरच्यांना वाटलं, याला कोण विरोध करणार? पण ती जमीन गाव पिढ्यान्‌पिढ्या कसत आला, काजू लावत आला, आणि कागदावर मात्र ती सरकारची. सत्तरीत जमिनीच्या मालकीचा प्रश्न जुना आहे. आधी आमच्या नावावर करा मग पुढचं बोला, असं लोक म्हणत होते. जानेवारी २०२१ मध्ये मोजणीला पोलीस घेऊन आले, बायका पुढे झाल्या, लाठ्या चालल्या, दोन्हीकडचे जखमी झाले. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तिथला प्रकल्प रद्द केला.

गोव्यात लोक लवकर रस्त्यावर येतात असं म्हणतात. त्याचं कारण आमच्याकडे रस्त्यावर आल्याने गोष्टी थांबल्या आहेत. 'प्रादेशिक आराखडा २०११', म्हणजे २०११ पर्यंतच्या काळासाठी केलेला आराखडा, गोवा बचाव अभियानाच्या रेट्यामुळे मागे घ्यावा लागला, २००७ च्या शेवटी सेझ रद्द झाले. ग्रामसभेत ठराव घेऊन थांबलं असतं तर आम्ही ठरावच घेतले असते. आमच्या पंचायतीत ठराव लिहिलेली वही आहे. तिच्यातल्या ठरावांना वरून उत्तर आल्याचं क्वचितच कुणी बघितलंय.

---

रविकिरण

दिंडोरीकर, दंडाच्या पावतीचं वाचून थांबलो. हे मला माहीत नव्हतं.

तरी माझा मुद्दा सोडत नाही. आंदोलनानेच मिळतं हे रूढ झालं की ज्याच्याकडे माणसं जमवायची ताकद आहे त्याचं काम होतं. एकट्यादुकट्या विधवेची फाईल तशीच राहते. तिच्यासाठी मोर्चा कुणी काढत नाही. म्हणून कार्यालयात वेळेत काम होणं, याला पर्याय नाही.

---

कोयनाकाठ

रविकिरण, इथे मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. आमच्या संकलनात सगळ्यात मागे राहिलेली नावं अशीच आहेत. माहेर एका गावचं, सासर दुसऱ्या, दोन्हीकडे यादीत नाही.

---

सातबारा

माधवीताई, तुमच्या प्रश्नाचं राहून गेलं. १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा लागू आहे. सामाजिक परिणामांचा अभ्यास, जनसुनावणी, खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि भागीदारीतल्या प्रकल्पांसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती, दिलासा रक्कम शंभर टक्के. भूमिहीन मजूर आणि कसणाऱ्यांचा विचारही त्यात आहे, जो आधी नव्हता. तेव्हा शहरं, धरणं व्हायला कायद्याची अडचण नाही. अडचण ही की सरकार स्वतःसाठी जमीन घेतं तेव्हा संमतीची अट लागत नाही, राष्ट्रीय महामार्गांची जमीन वेगळ्या कायद्याने घेतली जाते, आणि २०१८ मध्ये राज्याने दुरुस्ती करून अनेक प्रकारच्या प्रकल्पांना परिणामांच्या अभ्यासातून वगळायची वाट काढली. लोकांना विचारण्याचा भाग जो होता तोच गाळला. नागपूर ते गोवा नियोजित शक्तिपीठ महामार्गावरून कोल्हापूरकडे जे पेटलं ते उगाच नाही. तिथली ऊसशेती काळी, बागायती. शेतकऱ्याला रस्ता कळण्याआधी गट नंबर वर्तमानपत्रात कळले.

माझ्या अनुभवाने सांगतो, गावात आधी नकाशा घेऊन बसा, गट नंबरानुसार कुणाचं किती जातंय ते दाखवा, पर्यायी आखणी का नको ते सांगा, भावाचं गणित फळ्यावर मांडा. दोन-तीन बैठका वादळी होतात. शिव्या खाव्या लागतात. पण नंतर मोजणीला पोलीस लागत नाहीत. मी हे होताना बघितलं आहे, मात्र त्यासाठी अधिकाऱ्याला एका जागी वर्षभर तरी ठेवायला हवं. बैठकीत शब्द देणारा एक आणि निवाडा करणारा दुसरा, हे फार वेळा होतं.

---

माधवी_खारघर

धन्यवाद काका. आमच्या सोसायटीखालची जमीन कुठल्या गावाची, कधी आणि काय भावाने घेतली हे मला शोधायचं आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत ते मांडायची इच्छा आहे, कारण शेजारच्या गावच्या गरजेपोटीच्या घरांविरुद्ध तक्रार करायचा विषय अजेंड्यावर आहे, आणि तक्रारीवर सही करण्याआधी निदान एवढं माहीत असावं असं वाटतं. कागद कुठे मिळतील?

---

सातबारा

सोसायटीच्या भाडेपट्ट्याच्या करारात सिडकोचा सेक्टर आणि भूखंड क्रमांक असेल. त्यावरून जुना सर्व्हे नंबर आणि महसुली गाव काढता येतं, सिडकोच्या नियोजन विभागाकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयाकडे. गाव आणि सर्व्हे नंबर हातात आला की भूसंपादनाचा निवाडा मागायचा. नवी मुंबईचे निवाडे मेट्रो सेंटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भूसंपादन कार्यालयांनी केलेले आहेत, अभिलेख जिल्हाधिकारी कार्यालयाकडे विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज करताना 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका, फेटाळायला निमित्त मिळतं. निवाड्याची प्रत, सोबतचं मोबदला वाटपाचं पत्रक आणि कलम ४ च्या अधिसूचनेची तारीख, एवढंच मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

वाटपाच्या पत्रकात शेरा रकाना असतो, तो नक्की बघा. 'तक्रार राखून' किती जणांपुढे लिहिलंय आणि किती जणांपुढे नुसता अंगठा आहे, ते सभेत वाचून दाखवा.

---

खाडीवाला

माधवीताई, अर्जाचा मसुदा मी करून देतो. गावाचं नाव कळलं की सांगा. त्या गावातली जाणती माणसं माझ्या ओळखीची असतील, सभेला त्यांनाही बोलवा.